पिंपाला धूर नव्हता

जबाब देणार: रोझलिना नासाम्बू मुलोंगो. वय छप्पन्न. धंदा शेती आणि कोंबड्या. राहणार सिरांडे, पिठाच्या गिरणीच्या वाटेवर, बुंगोमा.

मला बोलावले म्हणून मी ठाण्यात आपल्या पायांनी आले. हवालदार जेरोटिच बाईंच्या समोर बसून, त्यांनी विचारल्यावरून सांगते की:

मी वरील ठिकाणी पती मुलोंगो यांच्यासह राहते. पती पूर्वी साखर कारखान्याच्या गॅरेजात फिटर होते, आता घरीच असतात. मुलगा नैरोबीला असतो. त्याची खोली रीतीप्रमाणे अंगणाच्या कडेला वेगळी बांधलेली आहे, ती बहुतेक रिकामी असते. मुलगी नेकोये हिला नऊ वर्षांपूर्वी किसाबे गावात दिली. तिला दोन मुले आहेत, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा.

जावयाचे नाव काय, असे हवालदारबाईंनी विचारले. आमच्यात सासू जावयाचे नाव घेत नाही. नेकोये बाहेर बाकावर बसली आहे, तिला विचारून सितुमा असे नाव लिहून घेण्यात आले. सासू जावयाच्या हाताला हात लावत नाही, त्याच्याबरोबर एका खोलीत बसत नाही, आणि तो आडवा झालेला असेल तर त्या दाराकडे बघतसुद्धा नाही. हवालदारबाई दुसऱ्या भागातल्या आहेत म्हणून हे सांगितले. त्या म्हणाल्या, माहीत आहे, पुढे बोला.

माझ्याविरुद्ध जावयांचे थोरले भाऊ वालुबेंगो यांनी तक्रार दिली आहे. तक्रार अशी की, गेल्या मंगळवारी जावई मुलाच्या खोलीत निजले असताना मी पेटत्या कोळशांचे पिंप आत ठेवून दार लावून घेतले, आणि नंतर त्यांच्या उघड्या अंगाला हात घातला. यातली दुसरी गोष्ट खरी आहे. पहिली खोटी आहे.

ते पिंप कुठून आले हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. हवालदारबाई म्हणाल्या, थोडक्यात सांगा. आमच्या घरात ते थोडक्यात झालेले नाही.

काम सुटल्यापासून माझ्या पतींना हाताला चैन नव्हती. बाजाराच्या नाक्यावर एक जण कोळशावर कोंबडी भाजून विकतो, ते पाहून यांच्या डोक्यात किडा शिरला की आपण घरीच भाजायची. आमच्या घरी कोंबडी भांड्यात शिजते. रस्सा होतो, त्यात मक्याच्या पिठाची घट्ट उगाली बुडवून सगळे घर जेवते, वर शेजारणीला वाटीभर जातो. भाजलेल्या कोंबडीत रस्सा कुठला. मी तसे म्हणाले तर म्हणाले, "मी आख्खी इंजिनं खोलून परत लावलीत, मला एक कोंबडी भाजता येणार नाही?" मी म्हणाले, "इंजिन खायचं नव्हतं."

पहिल्यांदा त्यांनी ट्रकच्या चाकाची जुनी रिम आणली. तीन दगडांवर ठेवली, आत कोळसे, वर सायकलच्या तारा आडव्या. रिमला मधोमध मोठे भोक असते हे गॅरेजात आयुष्य घालवलेल्या माणसाला कोळसे खाली पडेपर्यंत आठवले नाही. भोकावर पत्रा ठोकला. मग चरबी गळून असा भडका उठला की कोंबडी बाहेरून काळी ठिक्कर आणि हाडापाशी लाल. मी म्हणाले, "हिला खुराड्यात सोडून बघा, अजून चालेल." त्या दिवशी आम्ही उगाली मिठाबरोबर खाल्ली.

दुसऱ्यांदा माझा शेणखत वाहायचा एकचाकी गाडा घेतला. त्यात वाळू पसरून वर कोळसे रचले. आच लांब पडते म्हणून कोंबडी मधून चिरून पुस्तकासारखी उघडून ठेवायची, हे त्यांना आता कळले होते. पण ठेवायची कशावर? तर माझ्या खुराड्याची जाळी कापून आणली. ज्या जाळीने कोंबड्या राखायच्या त्याच जाळीवर कोंबडी भाजणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. जाळीवर पांढरा मुलामा होता, तो तापल्यावर पांढरी वाफ निघाली आणि मांस तोंडात घालवेना इतके कडू झाले. आम्हा दोघांना हुडहुडी भरून ताप आला. गाड्याचे रबरी चाकही वितळून बसले. आणि खुराड्याच्या कापलेल्या जागेतून मुंगसाने माझ्या तलंगा नेल्या. हे सगळे झाल्यावर पती म्हणाले, आता चूक कुठे होते ते कळले.

तिसरे ते पिंप. ग्रीसचे रिकामे पिंप, माझ्या कंबरेच्या वर येणारे. ते त्यांनी मक्याची दाणे काढलेली कणसे जाळून आतून भाजून काढले, वाळूने घासले, ते काम मात्र मन लावून केले. तळाशी छिन्नीने भोके पाडली, त्यांच्यावर सरकवायला पत्र्याची झडप बसवली. खाली निखारे, वर आडवी सळई, सळईला तारेच्या आकड्यांवर कोंबड्या टांगायच्या आणि झाकण लावायचे. झडप उघडली की निखारे जागे होतात, मिटली की डुलक्या घेतात, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत असत.

पिंपातली कोंबडी चांगली झाली. हे मी मानते. कातडी खरपूस, मांस हाडावरून आपसूक सुटत होते. मी दोनदा मागून घेतली. हेही लिहा, नाहीतर म्हणतील ही पहिल्यापासून त्या पिंपावर डूख धरून होती.

पिंपाला एकदा निखारा धरला की धूर अजिबात येत नसे. पतींना याचा फार अभिमान. "चुलीपाशी तू रडतेस तशी इथं रडायची गरज नाही," असे मला म्हणायचे.

त्यानंतर एका दुपारी पाऊस लागला म्हणून त्यांनी पेटते पिंप माझ्या स्वयंपाकाच्या झोपडीत ओढून आणले. कोपऱ्यात माझी ठिपक्यांची कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. माझे डोके ठणकू लागले, पाय लटपटले, म्हणून मी वासराला बघायच्या निमित्ताने बाहेर गेले. परत येऊन पाहते तर कोंबडी बसली होती तशीच बसलेली, मान खाली. उचलली तर मेलेली. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

पती म्हणाले, "साप आला असेल."

मी म्हणाले, "साप आला आणि अंडी ठेवून गेला? पाहुणा होता का?"

"मग रोग."

"सकाळी दाणे खाल्ले तिनं. रोगाला एवढी घाई?"

"अगं, त्याला धूरच नाही. जिथं धूर नाही तिथं काय होणार?"

मी त्यांना सांगितले की हे पिंप पुन्हा कुठल्याही छपराखाली आणायचे नाही. ते चिडून म्हणाले की कोंबडीच्या मरणाचा खटला नवऱ्यावर चालवणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. पुढे बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरते बोलले. हवालदारबाईंनी विचारले की हे दुसऱ्या कोणाला माहीत आहे का. ती कोंबडी मी पुरली, खाल्ली नाही, हे शेजारणीने पाहिले आहे. मेलेली कोंबडी पुरल्याबद्दल ती मला अजून हसते.

आता मंगळवारचे सांगते.

जावयांकडून लग्नाची शेवटची गाय यायची होती. ती आली की नेकोयेचे लग्न पुरे झाले असे सगळे मानतात, मग तिला त्या घरातून कोणी हलवू शकत नाही. मुले किसाबेला आजीपाशी ठेवून ती तयारीसाठी माझ्याकडे आली होती. वालुबेंगो आणि घरचे वडीलधारे गाय घेऊन संध्याकाळपर्यंत येणार होते. जावई निरोप द्यायला दुपारीच पुढे आले आणि वाटेत पावसात भिजले. मी स्वयंपाकाच्या झोपडीत होते, मी त्यांची पाठच पाहिली. जावई सासऱ्याच्या मोठ्या घरात आडवा होत नाही, म्हणून पतींनी त्यांना मुलाची खोली उघडून दिली. कपडे वाळत घालून ते तिथे निजले. नेकोये दळण घेऊन गिरणीवर गेली होती.

मी एक तरी कोंबडी भांड्यात टाकते म्हणाले होते. वडीलधारे येणार, रश्शाशिवाय त्यांच्या घशाखाली उगाली उतरत नाही. पती म्हणाले, "आज रस्सा नाही. आज त्यांना कळू दे पोरगी कुणाची केलीय." त्यांनी पडवीच्या कडेला पिंप पेटवून दोन कोंबड्या टांगल्या. जावयाच्या मानाची पेटी, म्हणजे कोंबडीच्या पोटातला दाणे दळणारा कडक तुकडा, वेगळ्या तारेला अडकवली, कारण कोंबडीची पेटी चुकून दुसऱ्या पानात गेली तर आमच्याकडे माणसे जेवणावरून उठतात.

पाऊस वाढला. मी भांडी आत घ्यायला बाहेर आले तर पडवीला पिंप नव्हते. चिखलात ते ओढत नेल्याची खूण मुलाच्या खोलीपर्यंत गेली होती आणि खोलीचे दार लावलेले होते. पती डोक्यावर पोते घेऊन वाटेला लागले होते.

मी विचारले, "पिंप कुठंय?"

"आत घेतलं. निखारे विझले असते."

"कुठं आत?"

"पोराच्या खोलीत. जवळ तीच होती."

"अहो, जावई निजलेत तिथं."

"मग? भिजून आलेत. ऊब मिळेल, कपडे वाळतील."

"कोंबडीचं काय झालं आठवतंय ना?"

"तू जावयाला कोंबडी म्हणतेस?" ते हसले. म्हणाले, "मी दुकानातनं लिंबं घेऊन येतो. आणि झाकण उघडू नको, भाजणं बिघडतं." असे म्हणून ते गेले. त्या वाटेवर दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे हे बोलणे ऐकलेला साक्षीदार नाही.

ते वळणाआड जायला आणि गारा पडायला एकच गाठ पडली. खोलीला पत्र्याचे छप्पर आहे. गारा पत्र्यावर पडल्या की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. मी अंगणात उभी राहून हाक मारली. सासूने जावयाला हाक कशी मारावी याची काही रीत नाही, म्हणून मी "अहो खोलीतले, दार उघडा" असे म्हणाले. उत्तर नाही. दारावर दगड मारला. उत्तर नाही. पतींच्या नावाने ओरडले, शेजारणीच्या नावाने ओरडले. शेजारी मक्याच्या शेतापलीकडे राहतात.

त्या वेळी मनात काय आले, असे हवालदारबाईंनी विचारले. खोटे कशाला बोलू. मला जावई आठवले नाहीत, नेकोये आठवली नाही. ती ठिपक्यांची कोंबडी आठवली, मान खाली घालून बसलेली.

मी दार ढकलून आत गेले. आत धूर नव्हता. ऊब होती आणि भाजल्या कोंबडीचा वास होता, वास चांगला होता. जावई खाटेवर पडलेले होते, अंगावर फक्त मुलाची अर्धी चड्डी होती. तोंड उघडे, ओठांचा रंग मला आवडला नाही. मी खांदा हलवला. हलले नाहीत. मी त्यांचे नाव घेतले. "सितुमा, ऊठ," असे म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हणाले आणि ते ऐकायला ते शुद्धीवर नव्हते. मग मी पाठीमागून काखेत हात घालून, छातीशी धरून त्यांना खाली ओढले. जड माणूस आहे. उंबरठ्यावर माझा पाय सरकला, आम्ही दोघे बाहेर गारांत पडलो. मी त्यांचे डोके मांडीवर घेतले, गालावर मारले, जोरात मारले. माझ्या कमरेला गुंडाळलेले कापड, लेसो, सोडून त्यांच्या अंगावर टाकला, कारण गारा उघड्या अंगावर पडत होत्या. माझ्या अंगावर आतला परकर होता.

थोड्या वेळाने त्यांनी माझ्या मांडीवर ओकारी केली. मला इतका आनंद झाला की मी हसले. मग त्यांनी डोळे उघडले. आपल्याला कोणी धरले आहे ते पाहिले आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. ते मिटणे बेशुद्धीचे नव्हते. तेव्हाच मला पुढचे सगळे कळले.

पाहुणे नेमके त्या वेळी फाटकाशी पोचले. गाय दोरीला होती. वालुबेंगो पुढे होते. ते म्हणाले, "विहीणबाई, सोडा त्याला."

मी म्हणाले, "धरा आधी, मग सोडते."

कोणी जवळ येईना. माझ्या अंगावर परकर होता म्हणून ते तोंडे फिरवून उभे राहिले. एवढी माणसे, आणि त्यांच्या पाठी मी मोजत बसले होते. शेवटी नेकोये पीठ घेऊन आली, तिने पाटी टाकून नवऱ्याला धरले. पती लिंबे घेऊन आले, मला म्हणाले, "हे काय करून बसलीस?"

त्यानंतर जावयांना मोठ्या घराच्या पडवीत बसवून दूध पाजले. डोके धरून बसले होते, पण बोलत होते. मला स्वयंपाकाच्या झोपडीत जायला सांगितले. गारा थांबेपर्यंत पाहुण्यांना निघता येईना. पतींनी पिंप उघडले आणि दोन्ही कोंबड्या त्यांना वाढल्या. मी भिंतीआडून ऐकत होते. "झाली छान," असे एक जण म्हणाला. जावयांना अन्न जात नव्हते, म्हणून मानाची पेटी वालुबेंगोंनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी याच ठाण्यात येऊन त्यांनी सांगितले की त्या कोंबड्यांना काहीतरी लावलेले असावे. लावलेले होते तर ते आज सायकलवर कसे फिरतात, हे त्यांना विचारावे.

बुधवारी सकाळी त्यांनी माझ्या खुंट्याला बांधलेली लग्नाची गाय सोडून परत नेली. माझा लेसोही नेला, वडीलधाऱ्यांना पुरावा दाखवायला. तो निळा आहे, काठावर काजूची नक्षी आहे. तो माझा आहे आणि मला परत हवा आहे. दवाखान्यात जावयांना सांगितले की ही कोळशाची बाधा आहे, आणखी थोडा वेळ गेला असता तर माणूस हाती लागला नसता. त्यावर वालुबेंगो मला विचारतात, तुम्हाला आत जायचे कारण काय? आणि लगेच विचारतात, विस्तव आत ठेवून तुम्ही बाहेर कशा थांबलात? दोन्ही प्रश्न एकाच तोंडाने, मधे श्वाससुद्धा न घेता.

पतींनी वडीलधाऱ्यांसमोर असे सांगितले की, मी पिंप पडवीला ठेवून लिंबे आणायला गेलो होतो, ते आत कोणी नेले मला माहीत नाही. मी समोर होते. मी त्यांच्याकडे पाहिले. ते गुडघ्यांकडे पाहत होते. बत्तीस वर्षे या माणसाला मी उगाली वाढली आहे.

पेटते पिंप कोणी ओढले हे कळायला साक्षीदार लागत नाही. माझे हात हवालदारबाईंनी पाहिले आहेत. उजव्या कोपराला खरचटले आहे, ते उंबरठ्याचे. तळहातांवर काही नाही. मंगळवारपासून पती उगाली डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांनी खातात आणि पाहुणे आले की हात खिशात ठेवतात. दोन्ही तळव्यांवर पिंपाच्या काठाच्या वळणाचे आडवे फोड आहेत. त्यांना मीच कोरफड लावते.

हवालदारबाई म्हणाल्या, मग हे तुम्ही वडीलधाऱ्यांना का दाखवले नाही? पतींचा हात धरून वर केला असता तर काम झाले असते. तसे केले असते तर सासऱ्याने जावयाला मारायला पिंप ठेवले असे झाले असते. मग गाय नाही, लग्न नाही, आणि नेकोयेला मुले दिसली नसती. सासरा कुळाचा तोंडवळा असतो. सासूचे काय, सासू बाहेरून आलेली असते, तिच्या माथी काहीही मारता येते.

वडीलधाऱ्यांनी ठरवले ते असे. मी येत्या शनिवारी किसाबेला एक मेंढी न्यायची. तिच्या आतड्यातला चोथा जावयांना आणि मला लावून विटाळ काढतील. त्याआधी मी सगळ्यांसमोर म्हणायचे की पिंप मी आत ठेवले, माझी अक्कल गेली होती, आणि जावयाला हात लावला ही माझी चूक झाली. तसे म्हटले की वालुबेंगो इथली तक्रार मागे घेतील, गाय परत येईल आणि नेकोये आपल्या घरी जाईल. नाही म्हटले तर तिने त्या घरातली चूल पेटवायची नाही. मुलांना भेटायला ती गुरुवारी गेली होती. तिला फाटकाबाहेर उभे केले आणि मुलांना आतून दाखवले. धाकटा तारेला धरून रडला, असे ती सांगते. ती स्वतः रडली का, हे तिने सांगितले नाही.

जावयांचे म्हणणे काय आहे, असे विचारण्यात आले. ते म्हणतात, त्यांना काही आठवत नाही. त्यांना आठवते. मी त्यांचे डोळे पाहिले आहेत. पण सासूच्या मांडीवर जिवंत झालो, हे पुरुषाने चारचौघांत कसे सांगायचे? मी त्यांना दोष देत नाही असे लिहू नका. मी देते.

मुलीबद्दल विचारले. बुधवारी रात्री नेकोये माझ्याजवळ बसली होती. ती म्हणाली, "आई, कुणाला तरी हाक मारायची होतीस."

मी म्हणाले, "मारल्या. गारा होत्या."

"अजून मारायच्या होत्यास."

"अजून मारत बसले असते तर तू आज पांढरं गुंडाळून बसली असतीस."

मग ती म्हणाली, "पण मुलं तरी माझ्याजवळ असती."

ती रागात बोलली, हे मला कळते. तिच्या पोटच्या गोळ्यांची गोष्ट आहे. पण ते वाक्य माझ्या कानातून जात नाही, म्हणून इथे सांगून टाकले. मी जावयाला आत मरू दिले असते तर आज सगळे मला चांगली सासू म्हणाले असते. दुरून, कुंपणाला धरून, पदर तोंडावर घेऊन रडले असते, आणि माझ्या रीतभातीचे कौतुक झाले असते. बायका म्हणाल्या असत्या, बघा, शेवटपर्यंत तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

पिंप आता कुठे आहे असे विचारले. पतींनी ते पालथे घालून गोठ्यामागे ठेवले आहे. त्यावर एक कोंबडी जाऊन बसते. काल ते बघत होते. बघता बघता म्हणाले, "झडप जरा वर बसवायला हवी होती." मी उठून आत गेले.

पुन्हा तशीच वेळ आली तर काय कराल, असे हवालदारबाईंनी शेवटी विचारले. त्या म्हणाल्या, हे लिहीत नाही, मी आपले विचारते आहे. मी म्हणाले, लिहा. मी पुन्हा आत जाईन. पण या वेळी आधी पिंप बाहेर काढून पतींच्या अंगणभर गाजलेल्या कोंबड्या गारांत फेकीन, म्हणजे मला दोष देणाऱ्या पाहुण्यांच्या पोटात तरी त्या जाणार नाहीत.

मेंढी मी पाहून ठेवली आहे. शनिवारी ती घेऊन मी किसाबेला जाणार आहे. सगळ्यांसमोर उभी राहून, पिंप मी ठेवले आणि चूक माझी झाली, असे म्हणणार आहे. आवाज चढू देणार नाही. पती माझ्या शेजारी हात खिशात घालून उभे असतील, त्यांच्याकडे मी बघणार नाही. हे नेकोयेसाठी आणि त्या दोन मुलांसाठी. तक्रार मागे घेतली गेली की हा कागद बांधून कपाटात ठेवतात, कोणी काढून वाचत नाही, असे हवालदारबाईंनी सांगितले. ठेवा. कोणाला दाखवावा असे माझे म्हणणे नाही. फक्त कुठेतरी लिहिलेले असावे.

हा जबाब मला माझ्या बोलीत सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे, एक शब्दही बदलायचा नाही. शनिवारी मी याच्या उलट सांगेन, तेव्हा खरा कोणता असा कोणी विचारलेच तर हा धरावा.

रोझलिना नासाम्बू मुलोंगो, सही.